साइटवरच्या सुरक्षा प्रशिक्षणाने अपघात खरंच कमी कसे करायचे

नव्या कामगाराचा साइटवरचा पहिला महिना सर्वांत धोक्याचा असतो. टोरंटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संस्थेच्या अभ्यासात, घरी बसवणारी इजा होण्याचा धोका पहिल्या महिन्यातल्या कामगाराला वर्षाहून जुन्या कामगाराच्या तिपटीपेक्षा जास्त आढळला. आपल्या बांधकामावर तर माणूस सतत नवाच असतो. स्लॅबच्या दिवशी नाक्यावरून आणलेला बिगारी, छठनंतर गावाहून आलेली सेंट्रिंगची (काँक्रीटचा साचा आणि टेकू उभारणारी) टोळी, दुसऱ्या साइटवरून हलवलेले फिटर. प्रशिक्षणाच्या कायद्याने इजा कमी होतात की नाही, हे या माणसांच्या पहिल्या सकाळी गेटवर काय घडतं यावर ठरतं. बहुतेक ठिकाणी काय घडतं ते सगळ्यांना माहीत आहे: रजिस्टर पुढे सरकतं, सही किंवा अंगठा होतो, डोक्यावर हेल्मेट येतं आणि माणूस दहा मिनिटांत सहाव्या मजल्यावर असतो.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या १० ते ३०० कामगारांच्या साइटसाठी आहे. ठेकेदार, साइट इंजिनिअर आणि सेफ्टी ऑफिसर यांना ती जशीच्या तशी वापरता येईल.

कायदा काय मागतो

१० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या बांधकामांसाठी १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९८ चे केंद्रीय नियम आणि महाराष्ट्राचे २००७ चे नियम अशी चौकट होती. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि सुरक्षेचा भाग व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये गेला. संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम नवे नियम येईपर्यंत चालतात, म्हणून साइटच्या फाइलमध्ये दोन्ही ठेवा.

प्रशिक्षणाशी थेट संबंध असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. कामगाराला सुरक्षेसाठी लागणारी माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. सुरक्षेच्या कोणत्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, म्हणजे हेल्मेट-बुटाचे पैसे पहिल्या पगारातून कापणं बेकायदा आहे. नियुक्तीपत्र द्यावं लागतं. पूर्वी ५०० कामगारांवर लागणारा सेफ्टी ऑफिसर आता बांधकामात २५० वर लागतो. जिवाला तातडीचा धोका आहे असं कामगाराला रास्त कारणाने वाटलं, तर ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा त्याला हक्क आहे. कर्तव्य न पाळल्यामुळे कोणी दगावलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या दंडाची निम्मी किंवा जास्त रक्कम वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं.

१९९८ च्या नियमांनी साध्या बिगाऱ्याला किती तास शिकवायचं हे मोजून दिलेलं नाही. न्यूयॉर्क शहराने २०१७ च्या स्थानिक कायदा १९६ ने मोठ्या साइटवरच्या कामगाराला ४० तास आणि सुपरवायझरला ६२ तास ठरवून दिले. आपल्याकडे तासांची ती जागा साइटने स्वतः भरायची आहे.

नुसत्या कायद्याने इजा कमी होतात का

याचं प्रामाणिक उत्तर सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं. बांधकामातल्या इजा टाळण्याच्या उपायांवर कॉक्रेनचा (आरोग्यविषयक संशोधनाचा पुरावा एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) एक आढावा आहे, तो २०१८ मध्ये सुधारून निघाला. नुसते नियम आणल्याने इजा कमी होतात की नाही, हे हाती असलेल्या पुराव्यावरून ठामपणे सांगता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. तो पुरावाही फार कच्चा आहे. नुसतं प्रशिक्षण किंवा नुसती तपासणी यांचंही तसंच. थोडा फरक दिसला तो कंपनीने स्वतः अनेक अंगांनी केलेल्या मोहिमांमध्ये, आणि जुन्या परांच्या बदलायला पैसे दिले गेले तिथे.

दुसरी बाजू कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताची. २४ डिसेंबर २००९ ला टोरंटोत एका उंच इमारतीवरचा झुलता पाळणा तुटला आणि ४ कामगार गेले. त्यानंतरच्या तज्ज्ञ समितीने उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण सक्तीचं करायला सांगितलं आणि १ एप्रिल २०१५ पासून ते लागू झालं. अभ्यासक्रम सरकारने मंजूर केलेला, शिकवणारी संस्था मंजूर केलेली, वर्गासोबत हाताने करून दाखवण्याचा भाग, आणि तीन वर्षांनी पुन्हा उजळणी. पुढच्या वर्षांत, ज्या प्रकारचं पडणं टाळायला हे शिकवलं जातं त्याच्या इजा बांधकामात सुमारे एक पंचमांशाने उतरल्या.

दोन्ही एकत्र वाचा. फरक पाडला तो ठरावीक धोक्यावर बेतलेल्या, हाताने करून घेतलेल्या आणि बाहेरून तपासल्या जाणाऱ्या शिकवणुकीने. साइटवरही तेच करायचं.

आणखी एक मर्यादा. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या खोपट्यांवर कोसळून १५ जणांचे जीव गेले. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकूमला बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ कामगार दगावले. झोपलेल्या किंवा लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाला कितीही शिकवलं तरी त्याच्या हातात काही नसतं. भिंत, लिफ्ट, क्रेन, सेंट्रिंगचं डिझाइन यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडून करून घेणं हे आधीचं काम, प्रशिक्षण त्याच्यानंतरचं. रेलिंग बसवायचं राहिलंय म्हणून बेल्ट वापरायला शिकवू नका. आधी रेलिंग बसवा.

पहिली सकाळ: साडेतीन तासांचं वेळापत्रक

एका वेळी १२ ते १५ माणसं, त्याहून जास्त नकोत. पूर्ण दिवसाची हजेरी लावा. हजेरी कापली जाणार असेल तर मुकादमच माणसाला प्रशिक्षणातून उठवून कामावर नेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पहिला पाऊण तास साइटवर चालत जा. आज ज्या मजल्यावर काम आहे तिथेच न्या. लिफ्टचा खड्डा, डक्ट (पाइपांसाठी मजल्यांमधून सोडलेली उभी पोकळी), जिना, विजेचं पॅनल, क्रेनखालची बंद जागा, पाणी, शौचालय, प्रथमोपचार पेटी, बाहेर पडायची वाट. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा, ‘इथे माणूस कसा मरेल?’ प्रश्न कठोर वाटतो, पण कामगार त्याचं उत्तर देतात आणि ते उत्तर त्यांच्या लक्षात राहतं.

नंतरचा एक तास हेल्मेट, बूट आणि बेल्टसाठी. सगळं अंगावर घालून. त्यापुढचा एक तास ज्याच्या त्याच्या कामाचा: सेंट्रिंगवाले वेगळे, फिटर वेगळे, खोदाईवाले वेगळे. शेवटी पाऊण तास परीक्षा आणि कागद.

भाषा कामगाराची हवी. पुण्या-मुंबईच्या साइटवर हिंदीने बरंच भागतं, पण मालदा-मुर्शिदाबादची टोळी बंगालीत आणि कलबुर्गीची कन्नडमध्ये जास्त समजते. टोळीतलाच एक चांगला बोलणारा माणूस अर्धा दिवस आधी शिकवून तयार करा आणि त्याला त्याचे वेगळे पैसे द्या. पोस्टर लावताना चित्रं मोठी आणि अक्षरं कमी ठेवा.

बिगारी बायकांना बऱ्याचदा ‘त्या वर चढत नाहीत’ म्हणून वगळलं जातं. त्या दिवसभर डक्टच्या शेजारून राबीट वाहतात आणि परांचीखालून ये-जा करतात. त्यांना पहिल्याच तुकडीत घ्या. साडीचा पदर आणि ओढणी मिक्सर-होइस्टपासून सांभाळायला वरून बटणाचा शर्ट किंवा घट्ट जॅकेट द्या, आणि बूट त्यांच्या मापाचे आणा. दोन नंबर मोठा बूट घालून जिना चढणारी बाई बुटामुळेच पडते.

परीक्षा तोंडी आणि हाताने घ्या. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून सांगायचं: ‘हा बेल्ट घालून दाखवा.’ ‘डक्टवरची प्लाय उचलायची आहे, आधी काय कराल?’ ‘सोबतच्याला शॉक लागलाय, पहिला हात कुठे घालाल?’ ज्याला जमलं नाही त्याला त्याच दिवशी पुन्हा शिकवा आणि जमेपर्यंत जमिनीवरचं काम द्या. उत्तीर्ण झालेल्याच्या हेल्मेटवर रंगीत स्टिकर लावा: जमिनीवरचं काम एक रंग, उंचीवरचं दुसरा. उंचीचं स्टिकर देण्याआधी डॉक्टरकडून रक्तदाब, दृष्टी, फिट येण्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास तपासून घ्या. सहा महिन्यांनी स्टिकर बाद, पुन्हा परीक्षा.

कागदही त्याच दिवशी उरका. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम झालेलं असेल, तर माणूस बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला पात्र असतो. ९० दिवसांचा दाखला द्यायला टाळाटाळ करू नका. अपघात झाला तर त्या नोंदणीवर घर उभं राहतं.

बेल्ट: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

उंचीवरून पडणं हा बांधकामातला सर्वांत मोठा घातक प्रकार आहे, आणि बेल्टविषयीच सर्वांत जास्त चुकीचं शिकवलं जातं. कमरेचा पट्टा साइटवरून हद्दपार करा. पडताना तो पोटात रुततो किंवा माणूस त्यातून उलटा सटकतो. आयएस (भारतीय मानक) ३५२१ चा पूर्ण अंगाचा हार्नेस (साइटवर यालाही बेल्टच म्हणतात) आणि दोन हुकांची, झटका शोषणारी दोरी घ्या.

घालायची पद्धत अशी शिकवा. पाठीवरच्या कडीला धरून हार्नेस झटका म्हणजे पट्टे मोकळे होतात. जॅकेटसारखा खांद्यावर घ्या. पाठीची कडी दोन्ही खांद्यांच्या मध्ये आली पाहिजे, कमरेवर घसरलेली नको. मांड्यांचे पट्टे आधी बांधा, छातीचा नंतर. मांडी आणि पट्टा यांमध्ये सरळ पंजा जावा, मूठ जाऊ नये. मांड्यांचे पट्टे लोंबते सोडणं ही रोज दिसणारी चूक. पडल्यावर हार्नेस वर सरकून मानेपाशी येतो.

वापरण्याआधी पट्टा दोन्ही हातांत धरून उलट्या ‘यू’सारखा वाकवा आणि इंच-इंच सरकवत बघा. धागे तुटून लव आली आहे का, वेल्डिंगच्या ठिणगीची भोकं आहेत का, सिमेंटचं पाणी वाळून पट्टा कडक झाला आहे का, शिलाई उसवली आहे का. यातलं एकही असेल तर तो बेल्ट कापून टाका. नुसता बाजूला ठेवलेला बेल्ट दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी अंगावर दिसतो. एकदा पडलेल्या माणसाचा बेल्ट आणि दोरी पुन्हा वापरायची नाही, वरून कितीही चांगली दिसली तरी.

हूक कुठे लावायचा, हा खरा धडा. सेंट्रिंगची सुटी पाइप, कॉलमच्या उघड्या सळईचं टोक, जीआय पाइपचं तात्पुरतं रेलिंग, केबल ट्रे यांपैकी कशालाच नाही. इंजिनिअरने ठरवून, रंगवून दिलेल्या जागेलाच लावायचा. अशी जागा एका माणसामागे साधारण दीड टनाचा झटका सोसेल इतकी भक्कम हवी. दोन हूक असतात ते सरकताना एक कायम अडकलेला राहावा म्हणून. दोन्ही एकदम काढले की तेवढ्या वेळापुरता बेल्ट नसल्यात जमा.

आणि आता हिशेब, जो फार थोड्या ठिकाणी शिकवला जातो. दोरी १.८ मीटर. झटका शोषणारा भाग फाटत लांबतो, तो १.७५ मीटरपर्यंत. पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत १.५ मीटर. खाली १ मीटर मोकळी जागा राखीव. बेरीज सुमारे ६ मीटर. म्हणजे हूक जिथे अडकवला त्या बिंदूच्या खाली सहा मीटर काहीही नको. हूक पायाशी, स्लॅबच्या पातळीला लावला, तर स्लॅबखाली सहा मीटर लागतात. डोक्यावर दोन मीटर उंच लावला तर स्लॅबखाली चार मीटर पुरतात. पहिला स्लॅब जमिनीपासून ३ मीटरवर असतो. तिथे ही दोरी पायाशी लावलेला माणूस दोरी ताणली जाण्याआधीच जमिनीवर आपटतो. खालच्या मजल्यांवर रेलिंग, जाळी किंवा आपोआप आखडणारी दोरी हवी. कामगारांना हा हिशेब खडूने भिंतीवर काढून दाखवा, मग हूक वर लावायला कोणाला ओरडावं लागत नाही.

लटकलेल्या माणसाला किती वेळात खाली घ्यायचं हेही आधी ठरवा. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्याचं रक्त पायांत साठतं आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दलाची वाट बघणं हा बेत होऊ शकत नाही. शिडी, दोरी, दोन माणसं आणि एक सराव, हे काम सुरू होण्याआधी झालेलं हवं.

बाकीचे चार धोके, थोडक्यात

डक्ट आणि पोकळ्या. माणूस प्लायचा मोठा तुकडा समोर धरून उचलतो, पाय दिसत नाहीत, एक पाऊल पुढे टाकतो आणि प्लायखालच्या भोकातून जातो. झाकणाला खिळे मारा, लाल रंगाने फुली मारा, ‘खाली पोकळी’ लिहा, आणि शिकवा की फुली असलेली प्लाय एकट्याने, परवानगीशिवाय उचलायची नाही.

खोदाई. एक घनमीटर माती दीड ते दोन टनांची असते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चरीला उतार किंवा आधार हवा, दर १५ मीटरला शिडी हवी आणि ती काठाच्या एक मीटर वर यायला हवी. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, जे जास्त असेल तेवढं लांब. पावसानंतर आत उतरण्याआधी इंजिनिअरने चर बघायची. कामगाराला एकच सवय लावा: काठाला भेग दिसली की वर या, हत्यारं तिथेच राहू द्या.

वीज. वायरची उघडी टोकं काडीने सॉकेटमध्ये खोचणं बंद. प्लग लावा, प्रत्येक हत्याराच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लावा आणि त्याचं टेस्ट बटण रोज सकाळी दाबायची जबाबदारी एका नावाच्या माणसावर द्या. शॉक लागलेल्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद. हे तोंडी सांगून उपयोग नाही. प्रत्येकाला पॅनलपर्यंत चालत नेऊन मेन स्वतः बंद करायला लावा.

सेंट्रिंग काढणं. आयएस ४५६ प्रमाणे साधं पोर्टलंड सिमेंट असेल आणि तापमान १५ अंशांखाली गेलेलं नसेल, तर ४.५ मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू (प्रॉप) ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि मोठ्या बीमचे २१ दिवस ठेवायचे. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) वापरलं असेल तर जास्त, किती ते इंजिनिअर लिहून देईल. मुकादमाला पुढच्या मजल्यासाठी प्रॉप हवे असतात, म्हणून ते लवकर निघतात. लेखी परवानगीशिवाय प्रॉप हलणार नाही, हा नियम शिकवायचा कामगाराला आणि पाळून घ्यायचा प्रॉपचा पुरेसा साठा आणून.

मुकादम आणि उक्तं काम

कामगार सेफ्टी ऑफिसरचं ऐकतो, पण वागतो मुकादमाच्या सांगण्याप्रमाणे. त्यामुळे मुकादमाला कामगाराच्या दुप्पट वेळ शिकवा: दोन अर्धे दिवस, त्यातला एक पूर्ण साइटवर. त्याला तीन गोष्टी आल्या पाहिजेत. काम सुरू होण्याआधी जागा तपासणं, दहा मिनिटांची टूलबॉक्स टॉक (कामाच्या जागेवर टोळीशी सुरक्षेचं बोलणं) घेणं, आणि काम थांबवणं.

तिसरी सर्वांत अवघड आहे, कारण शटरिंगचा दर चौरस फुटावर, सळईचा टनावर, प्लास्टरचा पुन्हा चौरस फुटावर. उक्त्या कामात थांबलेला प्रत्येक तास टोळीच्या खिशातून जातो. म्हणून वर्क ऑर्डरमध्येच दोन ओळी घाला. परांची, रेलिंग आणि जाळी लावण्याचा वेळ आणि पैसे दरात धरले आहेत. सुरक्षेच्या कारणाने काम थांबलं तर त्या तासांची मजुरी रोजंदारीने मिळेल. या दोन ओळी नसतील तर काम थांबवण्याचा हक्क कागदावर राहतो. आणि पहिल्यांदा कोणी खरंच काम थांबवलं, ते कारण पुढे फोल निघालं तरी, त्या माणसाला सगळ्यांदेखत शाबासकी द्या. ओरडा बसला तर पुढचा माणूस तोंड उघडत नाही.

टूलबॉक्स टॉक रोज, त्याच टोळीची, त्याच जागेवर, एकाच विषयावर. सोमवारी ‘सामान्य सुरक्षा’ आणि मंगळवारीही तेच, असं वाचून दाखवणं थांबवा. आज बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर असेल तर आजचा विषय त्या परांचीच्या फळ्या आणि तिला भिंतीशी बांधणारे टाय. शेवटची तीन मिनिटं कामगाराने बोलायचं. नोंदीत विषय, भाषा, घेणारा आणि गैरहजर असलेल्यांची नावं लिहा. गैरहजर असलेलेच नवीन असतात.

शिकवलेलं उतरलं का, हे मोजणं

अपघातांच्या आकड्यावर छोट्या साइटने फार भिस्त ठेवू नये. १२० कामगार, महिन्याला २६ दिवस, रोज ९ तास म्हणजे तीन महिन्यांत ८४,२४० तास. त्यात काम बुडवणारा एक अपघात झाला तर दहा लाख तासांमागे दर जवळपास १२ येतो, दोन झाले तर २४. एका अपघाताने आकडा दुप्पट होतो, त्यावरून प्रशिक्षण सुधारलं की बिघडलं हे कळत नाही.

त्याऐवजी प्रशिक्षणानंतर तिसऱ्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी न सांगता मोजा. उंचीवरचे दहा जण बघा: किती जणांचा हूक ठरलेल्या जागेला, डोक्याच्या वर आहे? मांड्यांचे पट्टे किती जणांचे बांधलेले? दहा पोकळ्या बघा: किती झाकणांना खिळे आहेत? तिसऱ्या दिवशी दहापैकी नऊ आणि तिसाव्या दिवशी पाच, असं दिसलं तर शिकवण्यात खोट नाही. खोट देखरेखीत किंवा सामानात आहे. तिसऱ्याच दिवशी पाच असतील तर शिकवणं फसलं, तुकडी पुन्हा बसवा. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांच्या नोंदी पहिल्या दोन महिन्यांत वाढतात. त्या वाढल्या म्हणून घाबरू नका, लोक सांगू लागले आहेत.

अपघात झालाच तर

जखमीला हलवणं पहिलं. मग जागा जशी आहे तशी राखा आणि कळवा. १९९८ च्या केंद्रीय नियमांत मृत्यू झाल्यास चार तासांच्या आत आणि ४८ तास किंवा त्याहून जास्त काम बुडवणाऱ्या इजेसाठी ७२ तासांच्या आत सूचना द्यायची मुदत आहे. फाइलमध्ये त्या माणसाचा प्रशिक्षणाचा कागद काढा: तारीख, भाषा, काय करून दाखवलं, कोणी तपासलं.

तो कागद ढाल म्हणून वापरायचा विचार मनातून काढा. भरपाईच्या कायद्यात, कामगाराने मुद्दाम नियम मोडला हे कारण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलेल्या प्रकरणात चालत नाही. तो कागद वाचायचा असतो प्रशिक्षण कुठे कमी पडलं हे शोधायला. चौकशीच्या अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढं लिहून थांबू नका. हूक लावायची जागा तिथे होती का, हाताशी होती का, त्या सकाळी कामाची घाई कोणी केली, तो किती दिवसांचा होता, त्याला कोणत्या भाषेत सांगितलं होतं, या पाचांची उत्तरं लिहा.

काम पुन्हा सुरू करण्याआधी त्याच टोळीला त्याच जागी उभं करा, काय झालं ते खरं सांगा आणि काय बदललं ते हाताने दाखवा: नवं रेलिंग, खिळे मारलेलं झाकण, हूक लावायची रंगवलेली जागा. अशी चूक साइटवर आणखी कुठे आहे ते त्याच दिवशी शोधा, यादी करा, प्रत्येक नोंदीपुढे नाव आणि तारीख लिहा, आणि त्या तारखेला स्वतः जाऊन बघा.